हॉलमधलं ऑफिस आणि दमलेलं डोकं

प्रश्न : अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल निर्यात कंपनीत मी हिशेब बघते. केबिन पाडून सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवलंय. कामं तेवढीच, पण संध्याकाळी डोकं पार शिणतं. माझाच स्वभाव चिडका झालाय का?

उत्तर : स्वभावाला दोष देऊ नका. यंत्रमागाच्या खडखडाटाने कान बिघडतात, पण ऑफिसात त्रास देतो तो शेजारच्याचा कळणारा शब्द. अर्थ लागला की मेंदू तिकडे वळतो आणि बेरीज चुकते. कूलरची घरघर बोलणं झाकते. म्हणून उन्हाळा सरून कूलर बंद झाला की तक्रारी वाढू शकतात!

एकमेकांशी बोलणं वाढेल, हा मालकांचा युक्तिवादही लंगडा आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या अभ्यासात खुल्या ऑफिसात गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं, ई-मेल वाढले.

आधी जागा बदलून मागा : पाठ भिंतीकडे, येण्याजाण्याच्या वाटेकडे नको. मागून कोणी बघतंय ही धास्ती थकवते. टेबलांमधला आडोसा जमिनीपासून किमान 130 सेंमी हवा. बसल्यावर डोळ्यांच्या खाली राहिला तर उपयोग शून्य. फोनसाठी वेगळा कोपरा हवाच. भिंतीवर जाड चादर चुण्या घालून, मागे 5 सेंमी पोकळी सोडून टांगा. घुमणं कमी होतं. ताणून चिकटवली तर फारसा फरक पडत नाही. इअरफोनवर शब्दांची गाणी नकोत, तीही लक्ष खातात. झोप उडाली असेल किंवा रविवारीही धडधड होत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.