दोन चॅटबॉट आपसांत बोलताना गुप्त भाषा तयार करतात, हे खरं आहे का?

कट वगैरे काही नसतो हो. २०१७ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी बॉट्सना पुस्तकं, टोप्या, चेंडू वाटून घ्यायला लावले. गुण सौद्याला होते, शुद्ध इंग्रजीला नव्हते; मग तेच ते शब्द घोळवत भाषा घसरली. पिंपळगाव बसवंतचा कांदा लिलाव पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही कुठे काय कळतं?

प्रकार जुनाच. १९७२ मध्ये एलायझा हा नकली मानसोपचारतज्ज्ञ आणि पॅरी हा नकली संशयी रुग्ण या दोन संगणक प्रोग्रामची गाठ घालून दिली होती.

मी इथे नाशिकला घरी दोन फोनवर चॅटबॉट लावून ते समोरासमोर ठेवून पाहिले. थोड्याच वेळात नुसतं ‘धन्यवाद’, ‘नाही नाही, तुमचेच आभार’! लग्नातले व्याही बरे. प्रत्येक जण समोरच्याच्या बोलण्यावर उत्तर बेततो. विषय संपला तरी थांबायचं कुणाला सुचत नाही.