महाराष्ट्रातल्या चंदगडपेक्षा कर्नाटकातल्या बेळगावकडच्या गावांत रेशनवर जास्त भिस्त का?

कारण कर्नाटक सरकार केंद्राच्या धान्यावर आपल्याकडचं वेगळं देतं, बेळगावकडं गरिबी जास्त आहे म्हणून नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली बसणारी ग्रामीण लोकसंख्या दोन्हीकडं जवळपास सारखीच धरलीय, महाराष्ट्रात 76.32 टक्के आणि कर्नाटकात 76.04, आणि माणशी 5 किलो (अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना, घरटी 35 किलो) दोन्हीकडं मिळतं. पण इकडं 2013 पासून कर्नाटक सरकारची अन्नभाग्य ही धान्याची योजना आहे, त्यात जुलै 2023 पासून माणशी आणखी 5 किलो द्यायचं ठरलं, तांदूळ मिळेना म्हणून किलोला 34 रुपयेप्रमाणे 170 रुपये खात्यावर टाकले आणि फेब्रुवारी 2025 पासून पैशाऐवजी तांदूळच सुरू केला, म्हणजे 2025 मध्ये पाच माणसांच्या घरात महिन्याला 50 किलो यायचं, एवढ्यात पोटापुरता तांदूळ विकत घ्यावाच लागत नव्हता. बेळगाव जिल्ह्यात पण सगळीकडं सारखं नाही हां, खानापूरकडं घरचं भात पिकतं, त्यामुळं रेशनचा तांदूळ बऱ्याचदा दोशा-इडलीच्या पिठाला जातो, तर अथणीकडं ज्वारीची भाकरी खाणाऱ्याला नुसता तांदूळ देऊन भागत नाही, तिथं ज्वारी मिळायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

एक लक्षात ठेवा, चंदगडचं कार्ड असलेला माणूस बेळगावात अंगठा लावून धान्य उचलू शकतो, पण केंद्राच्या वाट्याचंच, अन्नभाग्यचं जादा नाही. लग्न होऊन इकडं आलेल्या मुलीचं नाव आधी माहेरच्या कार्डातून कमी करून घ्या, नाहीतर इथं चढत नाही.