बिघडलेल्या दिवसाचं वेळापत्रक

नव्या बॅच सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की लातूरमधल्या माझ्या समुपदेशन केंद्रात एकच काळजी वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. आई म्हणते, "वेळेवर जेवण नाही, झोप नाही, स्वतःकडे बघतच नाही हा." मुलं म्हणतात, "मॅडम, रुटीन बनवतो, पण टिकेनाच." वडील बहुतेकदा एका शब्दात निकाल लावतात, आळस.

या मुलांना आळशी म्हणणं मला मुळीच मान्य नाही. त्यांचं रुटीन मोडतं, कारण ते त्यांनी आपल्या सगळ्यात चांगल्या दिवसाच्या मापाने बेतलेलं असतं.

ओंकार (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) नांदेडकडच्या एका गावातला. अकरावीला, नीटची तयारी, मुक्काम वसतिगृहात. भिंतीवर चिकटवलेल्या तक्त्याचा फोटो त्याने मोबाईलवर दाखवला. पहाटे साडेचारला उठणे, धावणे, प्राणायाम, भिजवलेले बदाम, डायरी, रात्री दहाला मोबाईल बंद. प्रत्येक ओळ वेगळ्या स्केचपेनने. सुरुवातीच्या चौकटीत हिरव्या टिका, मग लाल फुल्यांची रांग आणि त्यापुढे सगळं कोरं.

"पहिली फुली कधी पडली?"

"रविवारी. टेस्ट झाली त्या दिवशी."

"त्या संध्याकाळी काय केलंस?"

"काही नाही. पडून राहिलो. मेसलाही गेलो नाही."

"भूक नव्हती?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "होती. पण एवढे कमी मार्क पडल्यावर जेवायचं कोणत्या तोंडाने?"

पुढच्या भेटींमध्ये आम्ही दोघं याच वाक्याभोवती बोलत राहिलो. ओंकारच्या मनात जेवण, झोप, आंघोळ, मित्रांशी गप्पा ही सगळी मार्क मिळवून कमवायची बक्षिसं झाली होती. त्यामुळे ज्या दिवशी काळजीची सर्वांत जास्त गरज, नेमकी त्याच दिवशी ती बंद. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझी श्रद्धा आहे ती याच कारणाने. माणसाने आपल्या कामाला खुशाल मार्क द्यावेत, स्वतःला देऊ नयेत, हे तिचं सांगणं या वयात फार उपयोगी पडतं. पण ते ओंकारला तसंच ऐकवलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि रविवारी पुन्हा उपाशी झोपला असता.

मग एकदा तो गावाकडचं सांगत होता. ऐन काढणीत पाऊस लागून सोयाबीन हातचं गेलं होतं. घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

मी विचारलं, "त्या दिवशी बैलांना वैरण घातली होती का?"

"घातली की. मीच घातली."

"पीक तर गेलं होतं."

"पण त्यांची काय चूक, मॅडम?" एवढं म्हणाला आणि थांबला. डोळे भरून आले. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने तोच हळू आवाजात म्हणाला, "मी तर स्वतःला तेवढंही देत नाही."

एवढ्या वर्षांच्या कामात माझी एक खात्री झाली आहे. मुलाला पटणारा युक्तिवाद त्याच्या स्वतःच्या जगण्यात आधीपासून असतो, समुपदेशकाने तिथपर्यंत त्याच्यासोबत चालत जायचं असतं.

त्याच दिवशी त्याला कोरा कागद दिला. "टेस्ट वाईट गेलेल्या संध्याकाळीसुद्धा जमेल, तेवढंच लिही." त्याने लिहिलं : हातपाय धुणे, मेसमध्ये जाऊन ताटावर बसणे, झोपताना फोन टेबलावर ठेवणे. "हे तर काहीच नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "मग रविवारी करून बघ." केलं त्याने. मार्क त्या रविवारीही कमीच होते. पण मेसमध्ये शेजारी बसलेल्या मुलाचेही कमी होते, हे त्याला वरणभात खाताना कळलं.

तुमच्या घरी असाच तक्ता फाटून पडला असेल, तर नवा आखण्याआधी मुलाला हाच प्रश्न विचारा : वाईट दिवशी काय जमेल? तेवढ्याने सुरुवात करा. ती सवय अंगवळणी पडली की दुसरी जोडा, आणि ती आधीच्या ठरलेल्या गोष्टीला लावून द्या. मेसमधून परतताना पायीच एक फेरी, असं. चुकलेल्या दिवसाला फुली मारू नका. दुसऱ्या दिवशी जिथून सुटलं तिथून धरायचं, एवढाच नियम पुरे.

झोपेबद्दल मात्र मी हट्टी आहे. तेरा ते अठरा वयात ८ ते १० तास झोप लागते. शिवाय या वयात शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं, झोप मुळात उशिरा येते. म्हणून बारापर्यंत जागणाऱ्या मुलाला एकदम साडेचारला उठवण्याचा बेत फसणारच. ओंकारने उठण्याची वेळ सहा ठरवली, रविवारीही जवळपास तीच ठेवली आणि मेसनंतरचा चहा सोडला. धावणं वगैरे बऱ्याच पुढे आलं, तेही त्यानेच ठरवून.

आईवडिलांना एकच विनंती. रविवारी फोन कराल तेव्हा "किती पडले?" याच्या आधी "जेवलास का?" विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका. रोज "रुटीन पाळलं का?" अशी हजेरी घेतलीत, तर ते रुटीन तुमचं होतं, मुलाचं राहत नाही.

दोन आठवडे उलटूनही जेवण-झोप रुळावर येत नसेल, मूल कशातच रमत नसेल, तर वेळापत्रकाच्या भरवशावर राहू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा निघाली, तर एक दिवसही थांबू नका, मुलाला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये आजच घालून ठेवा.