एपीव्ही घालूनही स्लोप उतरतोय, तर ते एलटीडी धरू नका

तुम्ही लिहिलंय की एलटीडी (मेंदूच्या पेशींमधला जोड दीर्घकाळ कमकुवत होणं) मिळवायला बडोद्यात तीन आठवड्यांच्या उंदराच्या हिप्पोकॅम्पस स्लाइसवर (मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागाचा जिवंत ठेवलेला पातळ काप), त्यातल्या सीए1 भागात, 1 हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला एक, असे 900 पल्स दिले. स्लोप, म्हणजे पेशींच्या विद्युत प्रतिसादाचा उतार, 30 टक्के उतरला आणि गाईड खूश झाले. पण एपीव्ही, म्हणजे हे एलटीडी रोखणारं रसायन, घालूनही 25 टक्के उतरलाच, आणि स्टिम्युलेटिंग (पल्स देणारी) इलेक्ट्रोड एकच आहे, म्हणजे तुलनेला दुसरी वाट नाही. वाचूनच पोटात गोळा आला. या एका चुकीत अख्खं वर्ष पाण्यात जातं.

अशा पल्सनी होणाऱ्या खऱ्या एलटीडीत पेशीवरच्या एनएमडीए रिसेप्टरमधून कॅल्शियम बेताबेताने, पण बराच वेळ आत येतं. त्याने कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम जागं होतं, मग फॉस्फेटेज 1 हे दुसरं, आणि संदेश टिपणारे एएमपीए रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढले जातात. एपीव्ही पहिलंच दार, म्हणजे एनएमडीए रिसेप्टर, लावतं. तरीही स्लोप पडतोय म्हणजे बहुधा स्लाइसच खचतेय. आधी बाटली मात्र बघा: डी-एपीव्ही 50 मायक्रोमोलर पुरतं, डी आणि एल रूपांचं डीएल मिश्रण असेल तर 100 लागतं, कारण त्यातला निम्माच भाग कामाचा.

दुसरी इलेक्ट्रोड लावाच. रेकॉर्डिंगच्या दोन्ही बाजूंना, स्ट्रॅटम रेडिएटममध्ये (सीए1 मधला येणाऱ्या तंतूंचा थर) एकेक. दोन्हींना आळीपाळीने, 15 सेकंदांच्या अंतराने पल्स द्या. एका वाटेवर पल्स देऊन 50 मिलिसेकंदांनी दुसरीवर दिल्यास दुसरा प्रतिसाद फुगता कामा नये. फुगला तर तंतू सामाईक आहेत, इलेक्ट्रोड सरकवा. 900 पल्सच्या आधीच्या 20 मिनिटांच्या बेसलाइनमध्ये 5 टक्क्यांहून जास्त हालचाल दिसली तर स्लाइस टाका, जीव लावू नका. 900 पल्स एकाच वाटेवर. दुसरीही उतरली की निकाल लागला: स्लाइस खचतेय, एलटीडी नाही.

स्लाइस खचण्याचं कारण बरेचदा सिलिंडरमध्ये असतं, आणि इथे माझं डोकं फिरतं. 95-5 कार्बोजेन (95 टक्के ऑक्सिजन, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड) मागवावं आणि एजन्सीने नुसता ऑक्सिजन भरून पाठवावा, वर सर्टिफिकेट मागितलं की 'साहेब बाहेर गेलेत'. कंपनीचं नाव घेत नाही. प्रत्येक नव्या सिलिंडरने एसीएसएफमध्ये (स्लाइस ज्यात ठेवतात ते क्षारांचं द्रावण) 20 मिनिटं बुडबुडे सोडा आणि पीएच मोजा. 7.4 च्या आसपास हवा. 8 कडे सरकला, द्रावण पांढुरकं झालं, तर कार्बन डायऑक्साइड नाही. कॅल्शियम क्लोराइडही बुडबुडे सुरू झाल्यावरच घाला, नाहीतर सिलिंडर चांगला असूनही तीच गढूळता येते.

मे महिन्यात एसी सतत चालू-बंद होतो. बाथ (स्लाइसभोवतीचं द्रावण) दोन अंशांनी थंड झाला तरी स्लोप पडतो, म्हणून थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) स्लाइसजवळ ठेवा, हीटरजवळ नको.

हे फक्त सीए1 पुरतं. सेरिबेलममधल्या (लहान मेंदूतल्या) एलटीडीला हे नियम लावू नका. तिथे काम प्रोटीन कायनेज सी हे एन्झाइम करतं, फॉस्फेटेज नव्हे.

जुन्या फाइलींत फायबर व्हॉली (प्रतिसादाआधी दिसणारा, किती तंतू पेटले ते सांगणारा छोटा झटका) मोजून बघा. तीही घटलेली असेल तर त्या स्लाइस बाद. व्हॉली स्थिर असेल, तरी दुसऱ्या वाटेशिवाय त्या प्रबंधात घालू नयेत, असं माझं मत. गाईडचं वेगळं असू शकेल.