रियुनियन शोचं तिकीट घ्यायच्या आधी हे वाच

भाऊ, तू पहिल्यांदाच घेऊन राहिला म्हणून सांगतो, जुना बँड परत एकत्र आला की भाव चढतेच. 1994 मध्ये ईगल्स हा अमेरिकन रॉक बँड परत आला तेव्हाच त्यांची तिकिटं 100 डॉलरच्या वर गेली होती अन् लोकांनी तरी घेतली. आता रेकॉर्ड विकल्या जात नाही, स्ट्रीमिंगमधून चिल्लर मिळते, म्हणून खरी कमाई टूरवरच. त्यात डायनॅमिक प्राइसिंग, म्हणजे मागणी वाढली की तिकिटाचा भावही तिथंच चढवतात. 2024 मध्ये ओएसिस या ब्रिटिश बँडच्या रियुनियन शोचं उभं राहायचं तिकीट 150 पौंडाच्या आसपास होतं, लोक तासन्‌तास ऑनलाइन रांगेत थांबून आत पोचले तोवर 355 झालं, अन् एवढं थांबल्यावर माणूस घाबरून पेमेंट करतेच ना. मला हे बिलकुल पटत नाही, ज्यांनी बँड जगवला त्यांचाच खिसा कापणं आहे हे.

म्हणून किती खर्च करायचा तो आकडा आधीच ठरव. आपला नागपूरचा हिशोब वेगळा, 2025 मध्ये गन्स अँड रोझेस हा अमेरिकन बँड मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजला, तसा शो पाहायचा तर तिकिटावर फी, टॅक्स, दुरांतोनं जाणं-येणं, रात्रीचं लॉज सगळं धर, अन् रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडते ती तारीख चुकवू नको. तिकीट घेऊन परत चढ्या भावानं विकणाऱ्या रिसेलवाल्याकडे पहिल्या दिवशी जाऊच नको, दुसरा शो जाहीर झाला की भाव बरेचदा उतरतात. कोणी नुसता स्क्रीनशॉट देत असेल तर साफ नाही म्हण, एकच क्यूआर चौघांना विकतात. अन् स्टेजजवळच्या महागड्या जागेपायी जीव टाकू नको, मागे साउंड कन्सोलपाशी, म्हणजे आवाज सांभाळणारा माणूस जिथं बसते तिथं, उभा राह्य, आवाज तिथंच सगळ्यात मस्त लागते.