पहिल्या वर्षानंतर मुली संगणकशास्त्र का सोडतात?

तुम्ही पत्रात लिहिलंय की तुमच्या संगणकशास्त्र विभागात आत्मविश्वासाच्या कार्यशाळा झाल्या, महिला दिनाला व्याख्यानं झाली, तरी पहिल्या वर्षानंतर मुली दुसरा विषय घेतात. माझं स्पष्ट मत आहे: मुलींना सुधारायला जाऊ नका, तुमचा प्रोग्रॅमिंगचा पहिला पेपर कसा शिकवला जातो ते बघा.

त्या वर्गात काही जण शाळेपासून कोड लिहीत आलेले असतात आणि त्यांत मुलगे जास्त. ते असे प्रश्न विचारतात की नवख्या मुलीला वाटतं, सगळ्यांना येतंय, मलाच जमत नाही. हा फरक बुद्धीचा नाही, आधीच्या सरावाचा आहे. अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजने २००६ च्या सुमारास नेमका इथेच हात घातला. आधी प्रोग्रॅमिंग केलेल्यांची आणि न केलेल्यांची तुकडी वेगळी केली, जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या जागी पायथॉन ही भाषा आणली. वर्ग अडवून ज्ञान दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक बाजूला घेऊन सांगायचे, तुझे प्रश्न चांगले आहेत, आपण तासानंतर बोलू. पाचेक वर्षांत संगणकशास्त्रातल्या मुली सुमारे १० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेल्या. त्याआधी तिथल्याच कार्नेगी मेलन विद्यापीठाने संगणकशास्त्राच्या प्रवेशात पूर्वानुभवाला दिलेलं वजन कमी केलं होतं; तिथे १९९५ मध्ये ७ टक्के मुली होत्या, २००० मध्ये ४२ टक्के. दोन्हीकडे अभ्यासक्रम सोपा केला म्हणून हे झालं, असं कुणी म्हणालं तर मुळीच ऐकून घेऊ नका.

प्राध्यापक भरतीत स्त्रिया डावलल्या जाऊ नयेत म्हणून काय करावं, हेही विचारलंत. निवड समितीत एक बाई घेतली की काम झालं, असं नाही. २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात विज्ञानाच्या प्राध्यापकांना एकच अर्ज कुठे पुरुषाच्या, कुठे स्त्रीच्या नावाने दिला. पुरुषाचं नाव असलेला उमेदवार जास्त लायक ठरला, त्याला पगारही जास्त सुचवला गेला, आणि स्त्री प्राध्यापकांनीही तसंच केलं. म्हणून अर्ज उघडण्याआधी निकष आणि त्यांचे गुण लिहून ठेवा.

आणि हो, विभागातल्या मोजक्या प्राध्यापिकांना प्रत्येक समितीवर बसवणं थांबवा. बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातात, बैठका नाही. एकतर ते काम कार्यभारात धरा, नाहीतर त्यांचे तास कमी करा.

सुरुवात मात्र पहिल्या पेपरापासून करा. शाखा सोडलेल्या मुलींना गुण किती होते ते काढा. बऱ्याच जणी चांगल्या गुणांनी पास होऊन गेल्या असतील, तर तो कागद पुढच्या विभागीय बैठकीत सगळ्यांसमोर ठेवा.