वीस वर्षं उडालेलं विमान, आणि त्याचे प्लग कोण देत होतं?

तुमचा मजकूर दोनदा वाचला. एका काल्पनिक, नव्यानं स्वतंत्र झालेल्या गरीब देशाच्या हवाई दलातलं 'वज्रपाणी' नावाचं चार इंजिनांचं बाँबफेकी विमान. १९५० ते १९७० अशी वीस वर्षं सेवा, तीन युद्धं, प्रत्येक युद्धात पराक्रम, मग निवृत्ती. आणि तुमचा प्रश्न, हा सेवा-इतिहास खरा वाटतो का?

स्पष्टच सांगतो, नाही वाटत. वेग, पल्ला, बाँबचं वजन हे तुम्ही नीट जुळवलंय. पण हे विमान त्या देशाकडे आलं कुठून, आणि त्याच्या इंजिनातला एक स्पार्क प्लग (इंधन पेटवणारी ठिणगी पाडणारा भाग) गेला तर दुसरा कोण देणार, याबद्दल एक ओळ नाही. माझी सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली, म्हणून असेल, पण मला आधी तेच दिसतं.

कल्पना लढवण्याआधी आपल्याकडचंच खरं उदाहरण बघा. बी-२४ लिबरेटर, चार इंजिनांचं अमेरिकन बाँबफेकी विमान. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं ही विमानं अठरा हजारांहून जास्त बनवली. त्यातली बरीच ब्रिटिशांना लेंड-लीज या उसनवारीच्या करारानं मिळाली होती. युद्ध संपल्यावर ती परत करा, विकत घ्या किंवा मोडून टाका, असा तो मामला. ब्रिटिशांनी कानपूरला विमानं ओळीनं उभी केली आणि ती पुन्हा कुणाला उडवता येऊ नयेत अशी नासवली. इंजिनांत वाळू ओतली, पत्र्याला भोकं पाडली, कॉकपिटमधले काटे-तबकड्या फोडल्या, असं सांगतात. मग ते भंगार आपल्या माथी मारून मंडळी गेली.

इकडे १९४७-४८ मध्ये काश्मीरची लढाई सुरू. आपल्याकडे जड बाँबफेकी विमान एकही नाही. डाकोटा या मालवाहू विमानाच्या दारातून हातानं बाँब ढकलून दिले, इतकी ओढाताण. तेव्हा कानपूरच्या त्या ढिगाकडे लक्ष गेलं आणि काम बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टकडे आलं. हा कारखाना १९४० साली उभा केला तो आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, पण तो मुद्दा इथे महत्त्वाचा नाही. महत्त्वाचं हे की महायुद्धाच्या काळात याच कारखान्यात अमेरिकन विमानांची दुरुस्ती चालायची. तिथल्या फिटरांचे हात त्या नटबोल्टांना सरावलेले होते.

आता सगळ्यात गमतीचा भाग, जो तुमच्या कथेत हवाच. लिबरेटरचं इंजिन म्हणजे प्रॅट अँड व्हिटनीचं चौदा सिलिंडरचं आर-१८३०. डाकोटालाही याच घराण्यातलं इंजिन. आणि बंगळूरला युद्धात ज्या कॅटलिना या समुद्री विमानांची डागडुजी झाली, त्यांनाही तेच. लिबरेटरला वर टर्बो (उंचावरची विरळ हवा दाबून इंजिनाला देणारं यंत्र) लावलेला, बाकीही फरक होतेच, पण इंजिन अनोळखी नव्हतं. डाकोटा तर हवाई दलात रोज उडत होती. एका सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे चार इंजिनांना एकशे बारा. तेवढे प्लग काढून, घासून, फटी मोजून परत बसवायचे. ज्यानं गरम पिस्टन इंजिनावर हे काम केलंय त्याला विचारा, बोटांची काय अवस्था होते ती.

कानपूरला या विमानांना जेमतेम उडण्यापुरतं उभं करायचं. याचं चाक त्याला, त्याचा पंखा याला. मग तिथून दीड हजार किलोमीटर उडत बंगळूरला न्यायचं आणि खरी दुरुस्ती तिथे. उडवणारे होते कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी. ज्या विमानात कुणीतरी मुद्दाम वाळू ओतली होती, त्यात बसून हा माणूस अर्धा देश ओलांडायचा. अशी चाळिसेक विमानं उभी राहिली. २ नोव्हेंबर १९४८ ला कानपूरलाच हवाई दलाची पाचवी स्क्वाड्रन, म्हणजे तुकडी, याच विमानांवर सुरू झाली. १९५१ मध्ये पुण्याला सहावी स्क्वाड्रन नव्यानं उभी राहिली, तीही लिबरेटरवरच.

पुढची वीस वर्षं तुमच्या कथेपेक्षा पुष्कळच संथ आहेत. १९५७ मध्ये जेटवर चालणारी कॅनबेरा आली आणि पाचवी स्क्वाड्रन तिच्यावर गेली. बाँब टाकण्याचं मानाचं काम तिकडे गेलं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब पडले ते पुण्याहून निघालेल्या कॅनबेरांचेच. लिबरेटरकडे समुद्रावर टेहळणीचं काम राहिलं. तासन् तास पाण्यावर उडायचं, जहाजं मोजायची. लांब पल्ला आणि चार इंजिनं या कामाला उपयोगी, वेग नसला तरी चालतो. म्हणून ती १९६८ पर्यंत टिकली. ज्या देशानं बनवली त्यानं कधीच वितळवून भांडी केली होती.

तुमचा नायक बाँबकक्षातून 'धावत' मागे जातो, तेही बदला. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयातल्या लिबरेटरपाशी मी बराच वेळ रेंगाळलोय. बाँबकक्षाचे दरवाजे खाली उघडत नाहीत, दुकानाच्या शटरसारखे गुंडाळत बाजूनं वर जातात. पुढून मागे जायचं तर मधोमध एक पट्टी आहे, जेमतेम नऊ इंच रुंद, दोन्ही बाजूंना बाँब टांगायचे घोडे. पाय घसरून दरवाज्यावर पडलात तर तो पातळ पत्रा माणसाचं वजन झेलत नाही. पॅराशूट घालून तिथून माणूस आडवा होऊन सरकतो. शिवाय पेट्रोलचा वास. टाक्या झिरपायच्या, म्हणून वाफ बाहेर जावी यासाठी कर्मचारी ते शटर थोडं उघडं ठेवून उडायचे, असं वाचलंय. सिगारेट ओढणारं पात्र तुम्ही त्याच कक्षात उभं केलंय!

शेवटाबद्दल. 'सन्मानानं निवृत्ती' नको. आपल्या लिबरेटरांचं काय झालं बघा. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये संग्रहालयांना हे विमान हवं झालं तेव्हा सहज सापडेना, आणि आपल्याकडे उभी होती. १९६८ मध्ये एक कॅनडाला गेलं, १९६९ मध्ये एक उडत अ‍ॅरिझोनातल्या पिमा संग्रहालयाला पोहोचलं, १९७४ मध्ये एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला दिलं. आणखी एक १९८० च्या दशकात इथून नेऊन अमेरिकेत पुन्हा उडतं केलं. मोडून टाकायला सांगितलेलीच जगली.

तेव्हा तीनपैकी दोन युद्धं काढा. त्या जागी एक वर्कशॉप घाला, एक चिडका स्टोअरकीपर घाला, आणि 'वज्रपाणी'ला कुणाच्या तरी मोडक्या विमानांतून जन्माला घाला. सुधारून टाकलंत की इंजिनाचे तपशील तपासून देतो. आणि ते पंखाखालचे रॉकेट, १९५२ च्या प्रकरणातले, ते आधी काढून टाका.